उतरवलेल्या तारांची गिटार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हवाई बेटांच्या संगीतावर अर्धं पान लेख आला होता. आमच्याकडे पेपर सकाळच्या एसटीने येतो आणि मी तो दुपारी, जेवणं आटोपून, मशीनवर बसायच्या आधी वाचते. त्या दिवशी दोन ब्लाउज संध्याकाळपर्यंत द्यायचे होते, तरी लेख दोनदा वाचला. आधी आनंद झाला, कारण मराठी पेपरात ‘स्लॅक की’ हे शब्द मी पहिल्यांदाच पाहिले. मग राग आला.

लेखात म्हटलंय की स्लॅक की म्हणजे जुन्या हिंदी गाण्यांत आपण ऐकत आलो ती हवाईयन गिटार. तसं नाही हो. ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात, म्हणून तिचा सूर मींड घेत लांबतो, रडतो. १८८९ च्या सुमाराला जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने ती युक्ती काढली असं मानतात. ती आपल्याकडे आली १९४० च्या दशकात कलकत्त्याला राहिलेल्या ताउ मोए यांच्यासारख्या कलावंतांबरोबर, आणि मग व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला जे वाजायचं, ते हेच. ते मलाही आवडतं. पण ते स्लॅक की नव्हे.

स्लॅक की म्हणजे साधी सहा तारांची गिटार, आपण धरतो तशीच उभी छातीशी धरलेली. कांडी नाही, वीज नाही, नुसती बोटं. फरक एवढाच की खुंट्या पिळून तारा घट्ट करण्याऐवजी काही तारा सैल सोडायच्या. तिकडच्या भाषेत म्हणतात ‘की होआलू’, म्हणजे खुंटी सैल कर.

आता उभादांड्यातल्या एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईला हे कुठून ठाऊक, असं आपल्या मनात येईल. आमचे हे बोटीवर फिटर होते. १९८५ साली त्यांची बोट इंजिनाच्या दुरुस्तीसाठी होनोलुलूला अकरा दिवस अडकली. गोदीवरच्या एका म्हाताऱ्या कामगाराशी त्यांची ओळख झाली. दोघांनाही एकमेकांची भाषा धड येत नव्हती, पण तो दुपारच्या सुटीत कंटेनरच्या सावलीला बसून गिटार वाजवायचा आणि हे ऐकायचे. निघताना ह्यांनी त्याच्याकडूनच ती जुनी गिटार विकत घेतली, वर एक कॅसेट त्याने फुकट दिली. बॉयलर सूटमध्ये गुंडाळून ती गिटार मुंबईला उतरली आणि तिथून एसटीच्या टपावरून वेंगुर्ल्याला आली. येईपर्यंत तिची एक खुंटी वाकली होती. अजून वाकडीच आहे.

ह्यांना वाजवता येईना. बोटं जाड, इंजिनातली. म्हणाले, तुझे बाबा भजनात पेटी वाजवायचे, तूच बघ. मी पेटी काढली आणि कॅसेट लावून एकेक सूर हुडकत बसले. गिटारीच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई या इंग्रजी सुरांत लागतात, हे वेंगुर्ल्यातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मुलाने सांगितलं होतं. पण कॅसेटमध्ये तसं लागत नव्हतं. तीन रात्री गेल्या. शेवटी कळलं की सहावी (सगळ्यात जाड), पाचवी आणि पहिली (सगळ्यात बारीक) अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या. मग होतात डी, जी, डी, जी, बी, डी. पेटीवर ‘जी’ या सुराला सा धरलात तर प सा प सा ग प. म्हणजे एकही बोट न लावता नुसता हात फिरवला तरी सूर भरून येतो, तंबोऱ्यासारखा. तंबोऱ्यात गंधार मात्र लावावा लागत नाही, तो आपोआप ऐकू येतो. इथे तो उघड उघड लावलेलाच असतो. ह्यांना मी ते वाजवून दाखवलं तेव्हा ते जेवत होते. घास हातात तसाच राहिला. म्हणाले, “हाच तो!”

या लावण्याचं नाव पुष्कळ वर्षांनी भाच्याने इंटरनेटवर शोधून सांगितलं: टॅरो पॅच. टॅरो म्हणजे अळू. अळवाच्या वाफ्यावरून गिटारीच्या सुरांना नाव देणारी माणसं मला त्याच क्षणी आपली वाटली. आमच्या विहिरीच्या पाटाला पावसात कमरेएवढं अळू माजतं. आपण त्याचं फतफतं करतो, वड्या करतो. ते लोक कंद उकडून, कुटून त्याचा ‘पोई’ नावाचा लगदा खातात, आणि तो त्यांना आपल्या पेजेसारखा रोजचा.

तारा सैल कशासाठी, हे मला शिलाईच्या मशीनवरून समजलं. मशीनला ताणाचा एक स्क्रू असतो. दोरा फार ताणला की टाका बसतो, पण कापडाला चुण्या पडतात. थोडा ढिला केला की टाका कापडात बसतो आणि कापड आपल्या अंगाने पडतं. गिटारीचंही तसंच. मोकळ्या तारांतच सगळा मेळ तयार असल्यामुळे अंगठा खालच्या सुरांवर एकसारखा चालत राहतो, सा प सा प, जात्याच्या खुंट्याला धरून चालावा तसा, आणि बाकीची बोटं वर चाल म्हणायला मोकळी राहतात. एकच माणूस वाजवतो, पण वाटतं दोघं-तिघं बसलेत.

ही गिटार तिथे पोचली कशी, त्याचा लेखात उल्लेखच नाही, आणि मला तर तीच गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते. १७९३ मध्ये व्हॅन्कूव्हर या दर्यावर्द्याने तिथल्या राजाला गुरं भेट दिली. राजाने दहा वर्षं ती मारायची नाहीत असा हुकूम काढला. मग काय, गुरं माजली, रानभर झाली, शेतं तुडवायला लागली. १८३० च्या दशकात तिसऱ्या कामेहामेहा राजाने ती आवरायला मेक्सिकोच्या मुलखातले गुराखी बोलावले. ते स्पॅनिश बोलणारे, एस्पान्योल, म्हणून हवाईतल्या गुराख्यांना आजही ‘पानिओलो’ म्हणतात. त्यांच्याबरोबर गिटारी आल्या. ते परत गेले, काही गिटारी मागे राहिल्या. शिकवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा लोकांनी आपल्या गळ्याला आणि आपल्या जुन्या गाण्यांना बसेल तशा तारा उतरवून घेतल्या. तर अशी ही गुराख्यांची गिटार. हॉटेलच्या लॉनवर पाहुण्यांना फुलांच्या माळा घालताना वाजवायचं संगीत म्हणून ती लेखात आली आहे, ते वाचून म्हणूनच वाईट वाटलं.

पुढे प्रत्येक घराने तारा लावायची आपली रीत निराळी केली आणि लपवून ठेवली. गिटार खाली ठेवताना तारा मुद्दाम बिघडवायच्या, वाजवताना पाठ फिरवून बसायचं, असे किस्से तिकडे सांगतात. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या सासूबाई मालवणी मसाल्याचं प्रमाण कुणी विचारलं की सगळं सांगायच्या आणि एक जिन्नस गाळायच्या. मला तो जिन्नस त्यांनी लग्नानंतर नऊ वर्षांनी सांगितला.

आता माझ्या आवडीच्या गाण्यांकडे येते. लेखाच्या शेवटी चौकटीत जी पाच गाणी दिली आहेत, त्यांतलं एकही या गिटारीचं नाही.

पहिलं ‘हीइलावे’. हा वाइपिओ खोऱ्यातला धबधबा, हजार फुटांहून उंच, आणि त्याच खोऱ्यात अळवाची शेतं. गाणं मात्र धबधब्याचं वर्णन करायला केलेलं नाही. ते आहे एका चोरट्या प्रेमाचं आणि त्यावर चकाट्या पिटणाऱ्या गावाचं. गावातल्या बोलघेवड्यांना गाण्यात किलबिलणारे पक्षी केलंय. वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात जी उभी राहिली आहे, तिला याचा अर्थ सांगायला नको. गॅबी पाहिनुई यांनी हे १९४६ साली ध्वनिमुद्रित केलं, आणि स्लॅक की तबकडीवर आली ती तिथपासून असं मानतात. हे गॅबी मोठे कलावंत, पण पोटासाठी होनोलुलूच्या रस्त्यांवर कुदळ-फावडं चालवायचे. त्यांचा आवाज गोड नाही. मध्येच खालून एकदम वर उडी मारतो आणि तिथे जरासा फाटतो. तीच जागा ऐकायला मी कॅसेट इतक्या वेळा मागे घेतली की तिथली फीत चुरगळली. गॅबी कांडीची गिटारही उत्तम वाजवायचे, तेव्हा लेखकाचा गोंधळ तिथून झाला असेल तर तेवढी सूट मी देते.

दुसरं ‘ओपिही मोएमोए’, लिओनार्ड क्वान यांचं. याला शब्द नाहीत, नुसतं वादन. ओपिही म्हणजे खडकाला चिकटून राहणारा लहानसा शंखजीव, टोपीसारखा. मोएमोए म्हणजे झोपलेला. लाटा आपटत असतात तिथेच तो असतो, म्हणून तो काढायला जाणारी माणसं वाहून जातात. तिकडे त्याला मरणाचा मासा म्हणतात. आमच्याकडे ओहोटीला कोयता घेऊन खडकावर कालवं काढायला बायका जातात, त्यांची एक नजर कालवावर आणि एक लाटेवर असते. ही धून मी पहिल्यांदा नीट वाजवली तेव्हा मला त्या बायकाच दिसल्या, पण गंमत अशी की धुनेत भीती कुठेच नाही. लाट येते, जाते, आणि तो आपला झोपलेला. तारेवर बोट नुसतं टेकवून उचललं की घंटीसारखा सूर निघतो, त्याचा ह्या बाजात फार वापर. माझ्या हातून चारांतले तीन निघतात.

शेजारच्या काकी पडवीत येऊन बसायच्या. ऐकून म्हणायच्या, “ह्यां कसलां गाणां गो? आयकतांना डोळो लागता.” ही तक्रार होती. मला पुढे कळलं की ह्याच गुणाला तिकडे ‘नाहेनाहे’ म्हणतात, मऊ, गोड, कानाला न टोचणारं, आणि वादकाला यापेक्षा मोठी शाबासकी नाही. काकींना सांगितलं, तर म्हणाल्या, मग मी रोज येते झोपायला.

तिसऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यात वर्तमानपत्र आहे. लिलिउओकालानी ही हवाईची शेवटची राणी. १८९३ मध्ये तिचं राज्य उलथवलं, १८९५ मध्ये तिला तिच्याच राजवाड्यात एका खोलीत कैद केलं. वर्तमानपत्र वाचायला बंदी. तेव्हा एका सखीचा मुलगा तिच्या बागेतली फुलं घेऊन यायचा, आणि फुलं बांधलेली असायची वर्तमानपत्रात. फुलांबरोबर बातमी आत जायची. त्या मुलासाठी राणीने कैदेतच गाणं रचलं, ‘कुऊ पुआ इ पाओआकालानी’, म्हणजे पाओआकालानी या तिच्या जागेतलं माझं फूल. वरवर फुलाचं गाणं. ही राणी स्वतः संगीतकार होती. ‘अलोहा ओए’ हे जगभर गेलेलं गाणं तिचंच, पण ते इतकं झिजलंय की मला आता ऐकवत नाही. फुलाचं मात्र कधीही ऐकावं. ओझी कोतानी या वादकाने २००२ मध्ये राणीच्या रचना एकट्या गिटारीवर बसवून अख्खा आल्बम केला आहे. त्यात घाई कुठेच नाही, दोन ओळींमध्ये तो चक्क थांबतो. बाजारातून मी अबोलीचा वळेसर आणते तो आपल्याच पेपराच्या तुकड्यात बांधलेला असतो, आणि तो तुकडा वाचल्याशिवाय मी टाकत नाही. आपल्या अंकाचा इतका मन लावून वाचक दुसरा नसेल.

त्याच सुमाराचं ‘काउलाना ना पुआ’. १८९३ मध्ये शाही बँडमधल्या वादकांना नव्या सरकारशी निष्ठेची सही करा म्हणून सांगितलं, ते म्हणाले आम्ही दगड खाऊ पण सही करणार नाही. त्यावर एलन प्रेंडरगास्ट या बाईंनी हे गाणं केलं. चाल मात्र इतकी हसरी की भाषा न कळणाऱ्याला वाटावं लग्नाचं आहे. मी ते अगदी संथ वाजवून पाहिलं, दुःखी करायला. चाललं नाही. ते हसरंच वाजवावं लागतं.

‘माकी आइलाना’ हे वाइकिकीच्या बागेतल्या तळ्यातल्या बेटाचं गाणं, प्रेमिकांची जागा. आता ते बेट उरलेलं नाही, गाणं उरलंय. ‘उलिली ए’ किनाऱ्यावरच्या एका पक्ष्याचं, आपल्या पुळणीवर थंडीत तुरुतुरु धावणाऱ्या तुतवारांच्या नात्यातला. ते लहान मुलांना लगेच येतं. आणि रे काने यांचं ‘पुनाहेले’. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, रत्नागिरीकडचे काणे तिकडे कधी पोचले! हे काने लहानपणी एका जाणत्याला मासे नेऊन द्यायचे आणि बदल्यात वाजवायला शिकायचे. १९८७ मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. रापण ओढायला हात लावला की वाटा मिळतो हे आपण जाणतो. इथे वाट्याच्या बदल्यात सूर मिळाले.

तारा लावायची अजून एक रीत सांगायची राहिली, माझी लाडकी. तिला वाहिने म्हणतात, म्हणजे बाई. टॅरो पॅचमधली तिसरी तार, वरचा सा, अर्धा स्वर उतरवून शुद्ध नी करायची. वाजवताना तो नी छेडायचा आणि लगेच पहिल्या पडद्यावर बोट आपटून सा गाठायचा. दर खेपेला घरी पोचायच्या आधी उंबरठ्यावर एक पाय. आमचे हे म्हणायचे, बाईचं नाव दिलंय कारण सरळ सांगत नाही. मी म्हणायचे, दिलंय कारण नी नाही सांभाळला तर तुमच्या साला अर्थ काय! २०१६ मध्ये हे गेले. त्यानंतर वर्षभर मी गिटारीला हात लावला नाही. मग एका पावसाळ्यात पाहिलं तर तारा गंजून तीन तुटल्या होत्या आणि पाठीचं लाकूड फुगलं होतं. इथली खारी हवा, त्यात जुलै. कुडाळच्या सुताराने फळी बसवून दिली, तारा कोल्हापूरहून मागवते. तेव्हापासून वाहिनेतच लावून ठेवली आहे. तारा बिघडवून ठेवत नाही, कुणीही येऊन बघावं.

भाचा म्हणतो, आत्ये, यूट्यूबवर सगळं आहे. आहे खरं. केओला बीमर आहेत, लेडवर्ड काआपाना आहेत, त्यांची बोटं जवळून दिसतात, ज्या गोष्टी मी तीन तीन रात्री पेटीवर हुडकल्या त्या तीन मिनिटांत कळतात. जॉर्ज विन्स्टन या अमेरिकन पियानोवादकाने १९९४ पासून जुन्या वादकांचे आल्बम एकामागून एक काढले, म्हणून त्यांतलं पुष्कळ आज ऐकायला मिळतं. आणि राय कूडर नावाचा जो अमेरिकन गिटारवादक १९७० च्या दशकात गॅबींबरोबर वाजवायला गेला, त्याच्याचबरोबर पुढे आपल्या विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं. असा धागा लेखात हवा होता. तो सोडून लेखकाने तीन परिच्छेद समुद्रकिनारा आणि नारळाची झाडं यांवर घालवले. ती आमच्याकडे आहेतच.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापावा, आणि चौकटीतली गाणी बदलून वर लिहिलेल्यांतली द्यावीत. जिल्ह्यात आणखी कुणी तारा उतरवून गिटार वाजवत असेल तर त्यांनी जरूर कळवावं. उभादांड्यात गिटारवाली शिवणकामवाली म्हणून विचारलं तर कुणीही घर दाखवेल. येताना जाड सहावी तार मिळाली तर आणावी, पैसे देईन. ती इथे मिळत नाही आणि माझी या आठवड्यात तुटली.

आपली नियमित वाचक,
उभादांडा, वेंगुर्ला

ता. क. लेखाबरोबरच्या फोटोत बाईच्या हातात जे वाद्य आहे ते ना हवाईयन गिटार, ना स्लॅक की. ते उकुलेले आहे, १८७९ मध्ये मदैरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी आणलेल्या छोट्या वाद्यावरून झालेलं. त्याला तारा चार असतात. फोटोतही चारच आहेत, मी भिंग लावून मोजल्या.